एका पेटीत दोघींचं सामान

धामणगाव बढे, मंगळवार, ३ डिसेंबर १९६३

इंद्रभान चार दिवस घरी राहून आज सकाळच्या मोटारीनं नागपूरला परत गेला. तिथं शेतकी कॉलेजात शिकतो. जाताना ही कोरी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, तू सातवी शिकलेली हायेस. रोजचं लिहीत जा. मनात ठेवू ठेवू डोकं दुखते तुहं." माझं डोकं उन्हानं दुखतं. पण वहीचा कागद चांगला आहे, म्हणून लिहिते.

नागपुरात मोठं प्रदर्शन भरलं आहे. त्यात आकाशपाळणा आहे, माणूस उभ्या भिंतीवर फटफटी चालवतो तो मौत का कुआँ आहे, आरसेमहाल आहे, पोरांची छोटी आगगाडी आहे. इंद्रभानचं म्हणणं, दोन्ही घरांनी मिळून यावं. दोन्ही घरं म्हणजे आम्ही आणि पलीकडचे. पलीकडचे म्हणजे माझे धाकटे दीर शालिग्राम भाऊजी आणि त्यांची बायको. अंगण एक, चुली दोन. भाऊजींशी मी बोलते. त्यांच्या बायकोशी बोलत नाही. सहा वर्षं झाली.

"दोन्ही घरं आली तरच या," इंद्रभान म्हणाला. "नाईतर कोनीच येऊ नका." पोरांना शिकवलं की अशी बोलतात.

घरच्या धन्याचं नाव मी घेत नाही, पण वहीत ऐकू जात नाही, म्हणून एकदा लिहिते: किसनराव. त्यांना विचारलं तर लगेच म्हणाले, "पोरगं म्हनते तं जाऊ." हे एरवी पानात वाढू का विचारलं तरी विचार करतात. त्यांना ऊस पिळायचं नवं यंत्र पाहायचं असेल.

गुरुवार, ५ डिसेंबर

सामान बांधायला घ्यावं म्हणून माझी पेटी शोधली. जागेवर नाही. यांनी ती शेजारच्या गुलाबरावांना पुतणीच्या लग्नासाठी दिली म्हणे. मी म्हणाले, "लग्न तं वैशाखात हाये."

"आतापासून तयारी करून राह्यले ते," हे म्हणाले.

दुपारी कळलं की पलीकडच्यांच्या पेटीची बिजागरी तुटली, भाऊजींनी ती लोहाराकडे टाकली, आणि लोहार गावाला गेला. एकाच आठवड्यात दोन्ही पेट्या जाव्यात, हा योगायोगच म्हणायचा.

आता राहिली सासूबाईंची मोठी लोखंडी पेटी. वाटणीच्या वेळी भांडी, जनावरं, शेत, सगळ्याचे दोन भाग झाले, पण पेटी कापता येत नव्हती. ती मधल्या खोलीत असते. त्या खोलीला दोन्ही घरांतून दार आहे. तिच्यात गोधड्या ठेवतो, आमच्या डावीकडे, त्यांच्या उजवीकडे.

हे म्हणाले, "त्याच पेटीत दोघीचं बसते."

मी म्हणाले, "बसते, पन मधात काहीतरी पाह्यजे."

गोधड्या काढून कोपऱ्यात रचल्या आणि यांचं एक जुनं धोतर लांब गुंडाळून पेटीच्या मधोमध ठेवलं. डावीकडे मी, उजवीकडे ती. आपापल्या वेळी येऊन भरायचं. माझी वेळ सकाळची.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पहिल्या दिवशी एवढं भरलं: तीन लुगडी, चोळ्या, यांचे दोन सदरे, स्टो, तवा, पोळपाट, ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, मीठ, ओवा, सुंठ, आरसा, फणी, कुंकवाचा करंडा.

हे म्हणाले, "अवं, नागपुरात लोक जेवतात."

"जेवत असतील," मी म्हणाले.

नागपूरचं मीठ कसं आहे सांगता येत नाही.

संध्याकाळी तिची बाजू पाहिली. मुद्दाम नाही, गोधडी काढायला गेले होते. एक लुगडं, एक शाल, एक तांब्या. एवढंच. चार दिवसांसाठी जाणाऱ्या बाईचं सामान असं दिसत नाही. शालीला दोन भोकं आहेत.

रविवार, ८ डिसेंबर

गोजरबाई दोन्ही घरची भांडी घासते आणि दोन्हीकडचे निरोप नेते. आज तिनं राख घेता घेता विचारलं, "मोठ्याबाई, येवढे वर्सं झाले, आता काऊन रुसून राह्यल्या तुमी?"

मी रुसलेली नाही. रुसायला समोरचं माणूस समजूत काढणारं लागतं. पण वहीत खरं काय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी काही बोलू नये.

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी मेहकरला गेले होते. इकडे तिचं लेकरू गेलं. दोन महिन्यांचा मुलगा. लग्नानंतर किती वर्षांनी झाला होता. ताप आला आणि दिवसात आटोपलं. मला निरोप फार उशिरा मिळाला, कारण निरोप घेऊन निघालेला माणूस वाटेत चिखलीला स्वतःच्या कामात अडकला. मी तशीच निघाले. अंगणात आले तेव्हा तिच्याकडे बायका बसल्या होत्या. मी ओट्यावर पाय ठेवला आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "फराळ सरला वाटते."

मी तो पाय मागं घेतला आणि आपल्या दारात गेले. रडायला आले होते ते तसंच राहिलं.

निरोप उशिरा मिळाला हे मी तिला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? तिनं विचारलं नाही. तिनं बोललेलं परत घेतलं नाही, मी ओट्यावर पुन्हा पाय ठेवला नाही. एवढंच आहे. याला रुसणं म्हणत नाहीत.

मंगळवार, १० डिसेंबर

तिनं पेटीत कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली आहे. झाकण घट्ट नाही. माझ्या जांभळ्या लुगड्याला तेल लागलं तर काय करायचं? गोजरबाईला म्हणाले, "तिले सांग, बरनी काढ म्हना. काही अक्कल हाये का नाई?"

गोजरबाई गेली, थोड्या वेळानं आली. म्हणाली, "त्या म्हनल्या, बरं झालं सांगतलं. आता तुमच्या आवडीचं लिंबाचं घालतो म्हने, कोरडं."

मी गोजरबाईला विचारलं, "तू काय सांगतलं तिले?"

"तुमी सांगतलं तेच."

मी सांगितलेल्याला हे उत्तर कसं आलं ते समजलं नाही. पलीकडची बाई आधीपासूनच कमी ऐकते की काय, कोण जाणे.

बुधवार, ११ डिसेंबर

आज पेटी उघडली तर माझ्या बाजूला हात लागलेला. लुगडी नव्यानं घडी घातलेली, काठ आत. स्टोला जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळलेला, काजळी लागू नये म्हणून. तवा खाली, पीठ वर. त्यामुळे बरीच जागा झाली आहे, पण तो प्रश्न नाही. माझ्या सामानाला हात लावायचं कारण नव्हतं.

मी रागानं माझी चांगली लोकरी शाल तिच्या बाजूला ठेवली आणि तिची भोकाची काढून गोधड्यांखाली घातली. नागपुरात लोक पाहतील तर एका घरच्या बायका म्हणूनच पाहतील. घराण्याचं नाव जाईल.

हे आणि भाऊजी गोठ्यामागं बसून हसत होते. मी गेले तर गप्प झाले. बैलाविषयी बोलत होतो म्हणाले. आमच्या बैलात हसण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मधलं धोतर सरकलं आहे. माझी बाजू मोठी झाली आहे. मी सरकवलेलं नाही. सरळ केलं. दुपारी पुन्हा तसंच. मग राहू दिलं, कारण वरून यांचं जाकीट ठेवायचं होतं.

शनिवार, १४ डिसेंबर

शिदोरीचं ठरलं. दशम्या मी करायच्या. दुधात पीठ भिजवलं की दोन दिवस मऊ राहतात. चटणी ती करणार, असं गोजरबाईकडून कळलं. मी विचारलं नव्हतं. आज चटणीचा डबा पेटीपाशी होता. उघडून पाहिला. जवसाची आहे. सगळं गाव प्रवासाला दाण्याची चटणी नेतं. मला दाण्यानं छातीत जळजळतं, हे तिला पूर्वी माहीत होतं. पण इतक्या वर्षांत विसरली असेल. घरात दाणे संपले असावेत.

रविवार, १५ डिसेंबर

उद्या सकाळी निघायचं आणि आज संध्याकाळी हे म्हणतात, "कापूस मलकापूरच्या जिनिंगवर न्याचा हाये. मले काही जमत नाई."

मी भाऊजींना हाक मारली. भाऊजी अंगणात येऊन म्हणाले, "कापूस मलकापूरच्या जिनिंगवर न्याचा हाये. मले काही जमत नाई."

दोघांचे शब्दसुद्धा तेच. भाऊभाऊ आहेत, बोलणं सारखं असणारच. पण कापूस काय आज उगवला? मी तसं विचारलं. हे बैलांना पाणी पाजायला गेले. बैलांना तासाभरापूर्वी पाजलं होतं.

झालं ते बरंच झालं. गोजरबाईला सांगितलं, "पलीकडं सांग, जानं रद्द."

या वेळी गोजरबाई फार लवकर परत आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "त्या म्हनल्या, मोठ्याबाई नसन येत तं मी एकटी जातो."

"एकटी?"

"हाव. इंद्रभान टेसनावर येईन म्हने. मले एकदा जायचंच हाये म्हने."

तिनं आजवर आगगाडीत पाय ठेवलेला नाही. मलकापूरच्या पुढं ती कधी गेलेली नाही. बाजारातून येतानासुद्धा वाट चुकते. उद्या नागपूरच्या स्टेशनावर हरवली, तर लोक विचारतील, घरात मोठी जाऊ नव्हती का? उत्तर मला द्यावं लागेल.

यांना सांगितलं, मी जाते. अब्रूचा प्रश्न आहे.

"जाय," हे म्हणाले. मग म्हणाले, "आमचे सदरे काढून घे पेटीतून." मी पाहिलं, त्यांचे सदरे पेटीत नव्हतेच. कोणी कधी काढून नेले, माहीत नाही.

सोमवार, १६ डिसेंबर, आगगाडीत

अक्षर हलतं आहे.

मलकापूरला यांनी आम्हाला स्टेशनात बसवलं, तिकिटं हातात दिली आणि जिनिंगवर गेले. कापसाची गाडी मात्र कुठं दिसली नाही. पेटी दोघींच्या मध्ये. ती पेटीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. गोजरबाई बरोबर नसल्यामुळे बोलायचं काही कारण नव्हतं.

गाडी आली आणि बायकांचा डबा पार पुढं गेला. हमाल एकच होता. तो एका मारवाडी कुटुंबाच्या मागं लागला. लोक पळायला लागले. मी पेटीची एक कडी धरून ओढली. पेटी हलली नाही. स्टो होता, तवा होता, पिठं होती. मी पुन्हा ओढली. तिनं दुसरी कडी धरली.

"उचला," ती म्हणाली.

आम्ही उचलली. पण ती भराभर चालते आणि मी नाही, त्यामुळे पेटी माझ्या गुडघ्यावर आपटायला लागली.

मी म्हणाले, "हळू."

"गाडी सुटून राह्यली, मोठ्याबाई!"

"सुटली तं सुटली. माहा पाय तं राहू दे!"

ती हळू झाली. गार्ड शिट्टी फुंकत होता. डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं वरून कडी ओढली, आम्ही खालून ढकलली. पेटी आत गेली, मग ती, मग तिनं हात देऊन मला ओढलं. धापा टाकत पेटीवरच बसलो. दुसरीकडे जागा नव्हती.

हे बोलणं धरायचं नाही. ते सामानाविषयी होतं.

शेगाव गेल्यावर दशम्या काढल्या. चटणीचा डबा तिनं उघडून माझ्याकडे सरकवला. मी चटणी घेतली. तिनं दशमी घेतली. तिचे हात वाळले आहेत. इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

दशमी हातात धरून ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मोठ्याबाई, त्या दिवशी बायकाईत मी जे बोलली..."

"आधी खाय," मी म्हणाले. "आकोला आलं की गर्दी व्हते."

तिनं खाल्लं. मीही खाल्लं. आकोल्याला फारशी गर्दी झाली नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही दोघी बाहेरची कापसाची पराटी पाहत होतो. मग मी म्हणाले, "निरोप्या चिखलीत बसला होता. मले पाचव्या दिवशी समजलं."

 तिला ऐकू आलं नसेल, चाकांचा आवाज फार होता. पण मग ती म्हणाली, "मले त्या आठवड्यातच समजलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगाले तुमी कुठं होत्या? तुमी दार लावून घेतलं."

मी लावलं होतं. हे खरं आहे.  वर्ध्याच्या आधी तिला डुलकी लागली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलवलं नाही, कारण डब्यात जागा नव्हती.

नागपूर, मंगळवार, १७ डिसेंबर

इंद्रभाननं स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत खोली घेतली आहे. पेटी उचलताना तो म्हणाला, "आई, यात काय दगड भरले का?" कौशल्या हसली. तिचं हसणं मी विसरले होते. नाकातून हसते.

दुपारी प्रदर्शनाला गेलो. आकाशपाळण्यात मी बसले नाही, कौशल्या इंद्रभानबरोबर बसली. वर गेल्यावर तिनं डोळे मिटले आणि खाली आल्यावर म्हणाली, सगळं नागपूर पाह्यलं. मौत का कुआँ पाहून मला मळमळलं, तर तिनं पदराच्या गाठीतून ओवा काढून दिला. आरसेमहालात ती दोन हात जाड झाली आणि मी तांब्याएवढी. इंद्रभान इतका हसला की चौकीदारानं आत डोकावून पाहिलं.

मग इंद्रभान चहा आणायला गेला आणि आम्ही दोघी लाकडी घोड्यांच्या चक्रीपाशी उभ्या राहिलो. रंगीत घोडे, पितळी दांड्या, वर छत्री. पोरं बसलेली. चक्री फिरायची, थांबायची, चक्रीवाला एकेका पोराला काखेत हात घालून उतरवायचा, मग दुसरी पोरं चढायची. मी म्हणाले, चाल, आगगाडी पाहू. ती हलली नाही. दोन फेऱ्या झाल्या, तरी हलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. मग ती ज्या पोरांकडे पाहत होती त्यांच्याकडे पाहिलं. पाच-सहा वर्षांची होती सगळी.

मी तिकिटाच्या खिडकीपाशी गेले आणि एक तिकीट मागितलं.

खिडकीवरचा म्हणाला, "माताजी, ये बच्चों का है."

"बच्चे का-च मंगते," मी म्हणाले.

"बच्चा कहाँ है?"

माझं हिंदी तेवढं नाही. कौशल्या मागून येऊन माझा हात ओढायला लागली. "राहू द्या, मोठ्याबाई. चला. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," मी म्हणाले आणि त्या माणसाला सांगितलं, "हमारा लडका है. छे साल का. तुम टिकट देव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागं उभ्या असलेल्या कौशल्याकडे पाहिलं. तिकीट फाडून दिलं. मी ते चक्रीवाल्याच्या हातात ठेवलं. खिडकीवरच्यानं तिथूनच त्याला काहीतरी सांगितलं. चक्रीवाला मान हलवून एका पांढऱ्या घोड्यापाशी गेला. एक पोरगा त्याच घोड्यावर चढायला लागला, तर त्यानं त्याला उचलून मागच्यावर बसवलं.

चक्री फिरायला लागली. पांढरा घोडा रिकामा होता. तो समोर यायचा, वर-खाली व्हायचा, पलीकडे जायचा. कौशल्यानं कठड्याला धरलं होतं. तिसऱ्या-चौथ्यांदा घोडा समोर आला तेव्हा ती हातानं दाखवून म्हणाली, "येवढा झाला असता. दांडीच्या या गोळ्यापर्यंत."

"त्याच्याहून उच्चा," मी म्हणाले. "आपल्या घरातले सारे उच्चेच हायेत."

ती रडायला लागली. मीही रडले. इंद्रभान चहाचे ग्लास घेऊन आला आणि मागंच उभा राहिला. चहा निवून गेला.

चक्री थांबली. चक्रीवाला एकेका पोराला उतरवत आला. पांढऱ्या घोड्यापाशी आल्यावर तो थांबला, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि इतर पोरांच्या वेळी थांबत होता तेवढाच वेळ तिथं उभा राहिला. मग पुढं गेला.

मी इंद्रभानला विचारलं, दुसऱ्या फेरीचं तिकीट त्याच खिडकीवर मिळतं का.